भाड्याचं घर, लिनक्स आणि इंटरनेट

पुण्यात भाडेकरार बहुधा 11 महिन्यांचा असतो, आणि इंटरनेटवाला मात्र वर्षाचे पैसे एकदम मागतो. तिमाही प्लॅन थोडा महाग पडला तरी तोच बरा. कंपन्यांचे दर चाळण्याआधी वॉचमनला विचारावं, इमारतीत फायबर कोणाकोणाची आली आहे. बऱ्याचदा निवड तिथेच संपते. भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

लिनक्स बघून जोडणीला आलेला मुलगा जरा बिचकतो. बिचकू द्या. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये बसतं. लॅपटॉपला दिसतं ते साधं वायफाय. फक्त विंडोजवरच चालणारा डायलर कोणी गळ्यात मारत असेल, तर दुसरा ऑपरेटर बघा.

विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे: ‘सीजीनॅट आहे का?’ आयपीव्ही४चे पत्ते जेमतेम 430 कोटी. ते पुरत नाहीत, म्हणून कंपन्या अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्यातच आहात. हा पट्टा 2012 साली त्याचसाठी राखून ठेवला गेला. यूट्यूबला काही फरक पडत नाही. ऑफिसातून घरच्या मशीनवर एसएसएच करणाऱ्याचं मात्र अडतं, कारण पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. मग स्टॅटिक आयपीचे जादा पैसे मोजा, किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ मिळतंय का ते पाहा. आणि स्पीड टेस्ट दुपारी दाखवली, तर रात्री नऊला पुन्हा करायला सांगा.