वेग वाढवायचा तर आधी काय लागतं?

जपानमधल्या शिंकान्सेन गाडीच्या साध्या डब्यात मधल्या वाटेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन आसनं असतात. एवढ्यावरून वर्गात एक छान गणित घालता येईल. तोक्योहून क्योतोला निघालेल्या मंडळींना असं बसवायचं, की दोनचं किंवा तीनचं प्रत्येक बाक पूर्ण भरेल आणि आपल्यातलं कोणी एकटं पडणार नाही. किती जणांच्या गटाला हे जमेल?

मुलं करून पाहतील. 2 आणि 3 सरळच आहेत. 4 म्हणजे 2+2, 5 म्हणजे 2+3, 7 म्हणजे 2+2+3. पुढे कुठेच अडत नाही. संख्या सम असेल तर सगळ्या जोड्या. विषम असेल तर एक तिघांचं बाक आणि बाकीच्या जोड्या. आजी-आजोबा, मुलं, मित्रमंडळी असा केवढाही घोळका असो, अडचण फक्त एकट्या प्रवाशाची! शिवाय ही बाकं जागच्या जागी फिरतात. पुढचं बाक उलटं फिरवलं, की सहाजण समोरासमोर बसून गप्पा मारू शकतात.

एका ओळीत पाच आसनं मावतात, कारण डबा 3.38 मीटर रुंद आहे. इतका रुंद डबा जपानच्या जुन्या रेल्वेमार्गावर चालला नसता. तिथे दोन रुळांमधलं अंतर फक्त 1067 मिलिमीटर होतं. तोक्यो ते ओसाका हा देशातला सर्वांत गजबजलेला मार्ग. त्यावर मालगाड्या, लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकामागून एक धावत. 1960 साली सर्वांत वेगवान गाडीलाही साडेसहा तास लागत. गर्दी कमी करायला त्याच रुळांशेजारी आणखी रूळ टाकावेत, असं अनेकांचं मत होतं. रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ यांनी मात्र पूर्णपणे वेगळा मार्ग बांधायचा आग्रह धरला. रूळ 1435 मिलिमीटर अंतराचे, मालगाड्या नाहीत, रस्ता ओलांडणारं एकही फाटक नाही. 1 ऑक्टोबर 1964 रोजी हा 515 किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. तेव्हा गाडीचा कमाल वेग ताशी 210 किलोमीटर होता. आज तो 285 आहे आणि सर्वांत वेगवान गाडी अडीच तासांच्या आत ओसाकाला पोचते.

जुन्याच रुळांवर जास्त ताकदीचं इंजिन लावून हे का साधलं नसतं? वळणाचा विचार करू. वळणावर गाडीला आत खेचणारं त्वरण वेगाच्या वर्गाला त्रिज्येनं भागून मिळतं. ताशी 270 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 75 मीटर. वळणाची त्रिज्या 400 मीटर असेल तर त्वरण 14 मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्याही दीडपट जवळजवळ! गाडी उलटलीच म्हणायची. नव्या मार्गावर अगदी मोजकी ठिकाणं सोडली तर 2500 मीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण घेतलेलं नाही. तिथे हेच त्वरण 2.25 येतं. बाहेरचा रूळ उंच ठेवून त्याचा बराचसा भाग सांभाळला जातो. 2007 साली आलेल्या गाड्या वळणावर हवेच्या स्प्रिंगांनी डबा आणखी एक अंश आत झुकवतात. तेवढ्यानंही प्रवाशाला बाहेर ढकलल्यासारखं वाटणं कमी होतं.

दुसरा प्रश्न सरळ रुळावरचा आहे. यासाठी एक प्रयोग करा. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडा. दोन मीटरपट्ट्या समांतर ठेवून थोड्या उतरत्या करा आणि ही जोडी त्यांवरून सोडा. ती थोडी तिरकी सोडली तरी आपोआप मध्यावर येत खाली जाते. आता पेले बुडाला बूड लावून जोडा. या वेळी जोडी लगेच बाहेर पडेल. रेल्वेची चाकंही पहिल्या जोडीसारखी, आतल्या बाजूला किंचित जाड असतात. आस डावीकडे सरकला की डावं चाक जास्त घेराच्या भागावर टेकतं, एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि आस पुन्हा उजवीकडे वळतो.

पण पहिली जोडी नीट पाहा. ती मध्यावर येऊन थांबत नाही, थोडी पलीकडे जाते, पुन्हा अलीकडे येते. गाडीचंही असंच होतं. कमी वेगात ही नागमोडी हालचाल आपोआप विरते. एका मर्यादेपलीकडे मात्र ती वाढतच जाते आणि गाडी रुळावरून घसरू शकते. युद्धकाळात विमानांच्या कंपनांचा अभ्यास केलेले मात्सुदाइरा तादाशी पुढे रेल्वेच्या संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांनी या हालचालीचा गणितानं आणि प्रयोगानं माग काढला. आसांना धरणारी डब्याखालची चौकट आणि तिच्या स्प्रिंगा अशा जुळवल्या, की ही मर्यादा गाडीच्या वेगाच्या बरीच वर जावी.

आता थांबण्याचं पाहू. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो असं धरू. सेकंदाला 80 मीटर वेगानं, म्हणजे ताशी 288 किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला थांबायला 80 सेकंद आणि 3200 मीटर लागतील. रुळाकडेचा लाल दिवा एक किलोमीटरवरून दिसला, तरी उपयोग काय? आणि माणसाची नजर चुकतेच. 1962 च्या मे महिन्यात तोक्योतल्या मिकावाशिमा स्थानकाजवळ एक मालगाडी लाल सिग्नल ओलांडून गेली. तिला प्रवासी गाडी धडकली. उतरून रुळांवरून चालणाऱ्या प्रवाशांवर आणखी एक गाडी आली. 160 माणसं गेली. त्यानंतर जुन्या मार्गांवर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रं बसवण्याचं काम घाईनं पुरं केलं गेलं. नव्या मार्गाची आखणीच रुळाकडेच्या दिव्यांवर अवलंबून न राहता केलेली होती. पुढे किती वेगानं जायचं हा संदेश रुळांमधून चालकाच्या समोर येतो आणि वेग जास्त असेल तर ब्रेक आपोआप लागतो.

जपानमध्ये भूकंपाची भीती कायमची. भूकंपाच्या पहिल्या, सौम्य लहरी सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर वेगानं येतात, तर जोरानं हलवणाऱ्या दुसऱ्या लहरी सुमारे 4 किलोमीटर. केंद्र 100 किलोमीटर दूर असेल तर दोन्हींमध्ये साधारण 11 सेकंदांचं अंतर पडतं. किनाऱ्यावरच्या भूकंपमापकांनी पहिली लहर टिपली की मार्गाचा वीजपुरवठा तुटतो आणि गाड्यांचे ब्रेक लागतात. दहा सेकंदांत गाडी थांबत नाही हे वरच्या हिशोबावरून दिसतंच. पण वेग 80 वरून 70 वर आला तरी गतिज ऊर्जा जवळजवळ पावपट घटते. 11 मार्च 2011 च्या महाभूकंपात प्रवासी घेऊन धावणारी एकही शिंकान्सेन घसरली नाही. 2004 साली निगाता भागात केंद्र मार्गाच्या अगदी जवळ होतं, तेव्हा सावध व्हायला वेळच मिळाला नाही. एक गाडी घसरली, पण प्राणहानी झाली नाही. यानंतर घसरलेली गाडी रुळांपासून दूर जाऊ नये यासाठी खास अडसर बसवायला सुरुवात झाली. 1964 पासून आजपर्यंत शिंकान्सेन घसरून किंवा टक्कर होऊन एकही प्रवासी दगावलेला नाही.

या सगळ्याची किंमत मोठी होती. खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. 1963 साली सोगो आणि शिमा दोघांनीही रेल्वे सोडली. उद्घाटनाच्या दिवशी दोघेही पदावर नव्हते.

याच तंत्रावर आधारलेल्या मुंबई–अहमदाबाद मार्गाची पायाभरणी 2017 साली झाली. लांबी 508 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तोक्यो–ओसाकाएवढीच. आपल्याकडच्या बहुतेक इतर रेल्वेमार्गांवर रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर आहेत, इथे मात्र 1435. मार्गाचा मोठा भाग खांबांवरून जातो आणि ठाण्याच्या खाडीखालून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा आहे. नकाशा समोर ठेवून मुलांना विचारा: मार्ग जमिनीवरून न नेता खांबांवर का? खाडीला वळसा का घातला नाही? आणि वळणाची त्रिज्या निम्मी केली असती तर, त्वरण तेवढंच राखायला, वेग किती कमी करावा लागला असता? उत्तर निम्मं नाही, हे त्यांना स्वतःच शोधू द्या.