सर्टिफिकेट नंबर खरा, तरी नाणं खोटं? अमेरिकन नाण्यांच्या लिलावात ‘स्लॅब’ नेमकं काय सांगतो

१९१३ सालचं ‘लिबर्टी हेड निकेल’ हे अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं. जगात अशी फक्त पाच नाणी माहीत आहेत. त्यातलं एक जॉर्ज वॉल्टन नावाच्या संग्राहकाकडे होतं. १९६२ मध्ये नाण्यांच्या प्रदर्शनाला जाताना कार अपघातात ते वारले. नाणं वाचलं, पण ते तारीख बदलून केलेलं बनावट आहे असं कुटुंबाला सांगण्यात आलं. त्यामुळे पुढची चाळीस वर्षं ते घरातच पडून राहिलं. २००३ मध्ये बाल्टिमोरला बाकीची चार नाणी एकत्र आली, तेव्हा तज्ज्ञांनी हे पाचवं त्यांच्याशेजारी ठेवून तपासलं आणि ते अस्सल निघालं. २०१३ च्या लिलावात त्याला ३१,७२,५०० डॉलर मिळाले.

धातू तोच, नाणं तेच. बदललं ते फक्त त्याच्याबद्दलचं मत, आणि तेही बाकीच्या चारांशी तुलना झाल्यावर. अमेरिकन नाण्यांचा आजचा सगळा बाजार असं ‘मत’ प्लास्टिकमध्ये सील करून विकण्यावर चालतो. ही सिस्टीम कशी चालते आणि तिच्यात भोक कुठे आहे, ते बघूया.

स्लॅब म्हणजे काय?

पीसीजीएस (स्थापना १९८६) आणि एनजीसी (१९८७) या यातल्या दोन मोठ्या कंपन्या. तुम्ही फी भरून नाणं पाठवायचं. त्यांचे ग्रेडर ते खरं आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे ते ठरवतात, आणि मग नाणं पारदर्शक कडक प्लास्टिकच्या डबीत सील होऊन परत येतं. या डबीलाच स्लॅब म्हणतात. वरच्या लेबलवर साल, टांकसाळ, ग्रेड, बारकोड आणि सर्टिफिकेट नंबर असतो.

ग्रेड १ ते ७० मध्ये. शंभर सोडून सत्तरच का? १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही पट्टी बनवली, तेव्हा सर्वात खराब नाण्याच्या सत्तरपट किंमत सर्वोत्तम नाण्याला असा त्यांचा हिशोब होता. किमतींचं ते गणित केव्हाच मोडलं, आकडा मात्र राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड!

६० पासून पुढचं नाणं म्हणजे व्यवहारात न वापरलेलं, त्याला ‘मिंट स्टेट’ म्हणतात. खरा पैसा इथे असतो. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत ३२ लाख मॉर्गन डॉलर पाडले गेले. त्यातलं झिजलेलं नाणं आजही कोणालाही परवडेल. पण जवळपास सगळी नाणी बाजारात फिरली, त्यामुळे न वापरलेलं मिळणं महाकठीण, आणि मिळालं तर भाव हजारो डॉलर. वरच्या ग्रेडमध्ये तर विचारायलाच नको. म्हणजे साल तेच, टांकसाळ तीच, फरक फक्त झिजेचा. ती झीज किती, हे माणसं डोळ्यांनी ठरवतात.

म्हणून मी ग्रेडला ‘मोजमाप’ म्हणत नाही. तेच नाणं पुन्हा पाठवलं तर ६४ चं ६५ होऊ शकतं. लोक स्लॅब फोडून, चांगल्या ग्रेडच्या आशेने तेच नाणं परत परत पाठवतात. जुनं लेबल कंपनीला परत केलं नाही, तर डेटाबेसमध्ये एकाच नाण्याच्या दोन-तीन नोंदी राहतात. त्यामुळे ‘या ग्रेडची फक्त इतकी नाणी’ हा पॉप्युलेशन रिपोर्ट वाचताना डुप्लिकेट रो असणारच हे गृहीत धरा. या गोंधळावर २००७ पासून सीएसी नावाची आणखी एक कंपनी स्लॅबमधली नाणी पुन्हा बघून आवडलेल्या स्लॅबवर हिरवं स्टिकर लावते. मतावर मत, आणि त्या स्टिकरचेही जास्त पैसे मोजणारे लोक आहेत.

नंबर टाकला, ‘व्हेरिफाय’ झालं. आता?

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मध्यंतरी मला एका ऑनलाइन विक्रेत्याने टाकलेले फोटो पाठवले. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन डॉलर, स्लॅबसकट, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त. हे त्या मालिकेतलं, व्यवहारासाठी पाडलेल्यांपैकी सगळ्यात कमी संख्येचं नाणं, फक्त १ लाख. मित्र म्हणाला, “अरे, नंबर साइटवर टाकला तर साल, ग्रेड सगळं बरोबर येतंय. मग अडचण काय आहे?”

अडचण अशी की सर्टिफिकेट नंबर ही डेटाबेसमधली फक्त प्रायमरी की आहे. ‘अशी नोंद आहे’ एवढंच तो सांगतो. तुमच्या हातातली वस्तू तीच आहे, हे तो सांगत नाही. हॉल तिकिटावरचा नंबर खरा आहे म्हणून बाकावर बसलेला मुलगा तोच आहे असं होत नाही, त्यासाठी फोटो बघावा लागतो. खोटे स्लॅब बनवणारे जुन्या लिलावाच्या पानावरून खरा नंबर उचलतात, तसंच लेबल आणि बारकोड छापतात, आणि तसंच प्लास्टिक ओततात. २००८ च्या सुमारापासून असे स्लॅब बाजारात दिसतात. बारकोड स्कॅन केला तरी निकाल ‘बरोबर’च येणार, कारण बारकोडमध्ये तोच चोरलेला नंबर आहे.

मग आम्ही काय केलं? तो नंबर मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या निकालांत शोधला. हे आर्काइव्ह मोठ्या फोटोंसकट ऑनलाइन बघता येतात आणि माझ्या मते संग्राहकाचं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे. जुन्या फोटोत लिबर्टीच्या गालावर एक तिरका ओरखडा होता, विक्रेत्याच्या फोटोत गाल स्वच्छ. काळपट डाग वर्षानुवर्षांत बदलू शकतो, पण ओरखडा भरून येत नाही. नाण्याचं ‘हॅश’ त्याच्या अंगावरच असतं म्हणा ना.

दुसरी तपासणी खुद्द नाण्याची. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोला या डॉलरच्या पुढच्या बाजूसाठी एकच ठसा वापरला गेला. त्यामुळे अस्सल नाण्यावर ‘लिबर्टी’ या शब्दातल्या ‘टी’ अक्षराच्या वरच्या भागात ठशामुळे उठलेली एक बारीक तिरकी रेघ असते. दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर मागे ‘एस’ चिकटवून हे नाणं ‘बनवता’ येतं, पण ती रेघ आणायची कुठून? मित्राने विक्रेत्याकडे त्या ‘टी’चा जवळून काढलेला फोटो मागितला. उत्तर आलं नाही.

पीसीजीएसने अलीकडे स्लॅबमध्ये एनएफसी चिप बसवायला सुरुवात केली आहे, फोन टेकवला की नोंद उघडते. चांगली गोष्ट आहे, पण जुने लाखो स्लॅब चिपशिवायच फिरतायत. शिवाय चिप ओळख पटवते ती डबीची. अस्सल डबी सफाईने उघडून आतलं नाणं बदललं, तर चिप बिचारी काय करणार! फोटो जुळवून बघण्याला पर्याय नाही. आणि हे महागड्या नाण्यांपुरतंच आहे असं समजू नका. स्वस्त नाण्याची तपासणी कोणी करत नाही, म्हणून खोट्या स्लॅबमध्ये साधी नाणीही सापडतात.

बोली लावताना

लिलावात ऐकू येणारी शेवटची बोली म्हणजे ‘हॅमर प्राइस’. तुम्ही भरता त्यापेक्षा जास्त, कारण त्यावर बायर्स प्रीमियम लागतो. वर सांगितलेल्या वॉल्टन निकेलची बोली २७ लाख डॉलरवर थांबली होती. त्यावर १७.५ टक्के प्रीमियम धरला की बरोबर ३१,७२,५०० होतात. आता बऱ्याच ठिकाणी हा प्रीमियम २० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे खिशात ३,००० डॉलर असतील तर बोली २,५०० ला थांबवायची. त्यात पोस्ट, विमा आणि भारतात मागवत असाल तर कस्टम्स हे वेगळंच.

लॉटच्या वर्णनात ‘डिटेल्स’ हा शब्द दिसला तर सावध व्हा. नाणं खरं आहे, पण घासलेलं, खरवडलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे, असा त्याचा अर्थ. अशा नाण्याला बहुतेक वेळा आकडी ग्रेड मिळत नाही आणि भाव धाडकन पडतो.

आणि आपल्याकडे?

‘हे नाणं असेल तर लाखो मिळवा’ छापाचे मेसेज तुम्हालाही आले असतील. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने फी किंवा टॅक्स मागितला जातोय, आम्ही असं काही करत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. ग्रेडिंगची फी तुम्ही स्वतःहून कंपनीला भरता. विकत घेणाराच आधी पैसे मागत असेल तर तो व्यवहार तिथेच सोडा.

पीसीजीएस आणि एनजीसी ब्रिटिशकालीन भारतीय रुपयेही ग्रेड करतात. म्हणून आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया थेट अमेरिकेला पाठवावा असं वाटू शकतं. तसं करू नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि तो रुपया चमकावा म्हणून दिवाळीत चिंच किंवा पितांबरी लावून घासला जात असेल, तर ते आजच थांबवा, कारण लेबलवर ‘डिटेल्स’ येतं ते नेमकं त्यामुळेच.