दोष गोळीचा की संसर्गाचा?

गरोदरपणी अँटिबायोटिक घेतलेल्या स्त्रियांत रक्तदाबाचे विकार जास्त दिसले, असं कुठल्या अभ्यासात वाचलं की आळ लगेच गोळीवर येतो. पण गोळी बहुधा संसर्ग झाल्यावर घेतली जाते, आणि खरी गोम तिथेच आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग व हिरड्यांचा आजार यांचा प्रीएक्लॅम्पसियाशी, म्हणजे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराशी, संबंध असल्याचं अनेक निरीक्षणांतून दिसलं आहे; अशा अभ्यासांच्या २००८च्या एकत्रित आढाव्याचाही कौल तोच होता. संसर्गाने शरीरात दाह वाढतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, आणि प्रीएक्लॅम्पसियातही बिघाड त्याच अस्तरात होतो. म्हणून तुलना हवी ती संसर्ग झालेल्यांचीच आपसांत. निरोगी गर्भवती समोर उभी केली, तर गोळी हकनाक दोषी ठरेल.

यावर आक्षेप येतो की अँटिबायोटिक आतड्यातले उपयुक्त जंतूही मारतं आणि रक्तदाबाशी त्यांचा संबंध आहे. आक्षेप पोकळ नाही. मात्र उंदरांवरच्या प्रयोगांत औषध आणि उंदराची जात बदलली की कुठे दाब वाढला, कुठे उतरला. त्यावरून गर्भवतीबद्दल निकाल देणं घाईचं होईल. मग माणसांवरच सोडतीने चाचणी का नाही? कारण संसर्ग झालेल्या बाईला औषध नाकारता येत नाही. सोडतीची एक मोठी चाचणी मात्र झाली आहे: भारतातल्या नागपूर व बेळगावसह सात देशांत २९,२७८ स्त्रियांवर झालेली अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. एका मात्रेने मातेचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पण ती मात्रा प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर दिली होती. गरोदरपणातल्या रक्तदाबाबद्दल ती चाचणी काही सांगू शकत नाही.

गर्भवतीला अँटिबायोटिक द्यावं की नाही, हा प्रश्न जयपूरसारख्या शहरात रोजचा आहे. राजस्थानात सरकारी रुग्णालयांत औषधं २०११पासून आणि तपासण्या २०१३पासून मोफत आहेत. तरी लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि ताप अंगात असलेली बाई तेवढी थांबू शकत नाही. तिथे अंदाजाने औषध सुरू करणं योग्यच; अहवाल आल्यावर ते बदलावं किंवा थांबवावं. साध्या सर्दीला मात्र दुकानातून आणलेली गोळी नकोच. आणि लिहून दिलेली गोळी भीतीने मध्येच सोडण्यातही धोका आहे, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० झाला, तर गोळी घेतली होती की नाही हे विचारत न बसता लघवीतली प्रथिनं आधी तपासावीत.