भोपाळची गाडी

30 मे 2025 ला खडकवासल्याच्या एनडीएच्या दीक्षान्त संचलनात मुलांच्या बरोबरीने 17 मुली पावलं टाकत गेल्या, तेव्हा मी इथे सोलापुरात टीव्हीसमोर उभीच होते. बसवेना. पुढच्याच आठवड्यात एनडीएची लेखी परीक्षा दिलेली शेजारची मुलगी एसएसबीच्या, म्हणजे लेखीनंतरच्या पाच दिवसांच्या निवडचाचणीच्या, तयारीची वही घेऊन आली. चित्रं पाहून लिहायच्या बारा गोष्टी क्लासने तिला आधीच पाठ करायला दिल्या होत्या. ते मला फार लागलं.

ही निवडपद्धत 1943 पासूनची. साताऱ्याला सैनिक शाळा 1961 मध्ये आली, एनडीएची तयारी करून घेणारी औरंगाबादची सेवापूर्व संस्था 1977 मध्ये. सगळं मुलांसाठी, त्या वर्षांत आम्ही मुली कुठेच नव्हतो. वैद्यकीय सेवेबाहेर अधिकारी म्हणून मुलींना घ्यायला लष्कराने 1992 मध्ये सुरुवात केली आणि माझं दशक उजाडलं.

एनसीसीचे उस्ताद आम्हाला पहाटे मैदानावर बोलवायचे. मनगटावरचं घड्याळ बघत एकेक शब्द उच्चारायचे. पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. एकदा ‘कुआँ’ म्हणाले. मी लिहिलं, विहिरीत पडलेल्या मुलाला मी वाचवलं. त्यांनी विचारलं, “पोहता येतं?” नाही म्हटल्यावर शांतपणे ओळ खोडली. एसएसबीत मानसतज्ज्ञ, मुलाखत घेणारा आणि मैदानावर गटाच्या कसोट्या घेणारा जीटीओ असे तिघे आपल्याला वेगवेगळे पाहतात आणि पाचव्या दिवशी एकत्र बसून ताडून बघतात, हे त्यांनीच समजावलं. मनसा, वाचा, कर्मणा. कागदावरची शूर मुलगी फळी-बल्लीपाशी गप्प राहिली, तर ते लपत नाही. उत्तरं हिंदीत लिहिलेली चालतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. इंग्रजीच्या धास्तीने किती हुशार पोरी घरी बसल्या! या शिकवणीचा एक पैसा त्यांनी घेतला नाही.

माझा पहिला फॉर्म एका कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहिला. “मुलीला कशाला?” एवढंच कारण. ते वाक्य म्हणणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही. दुसऱ्या वर्षी एसएसबीसाठी कर्नाटक एक्स्प्रेसने भोपाळला गेले. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. मैदानावर मला दोर कुठे बांधायचा ते दिसत होतं, पण फाडफाड बोलणाऱ्या मुलींपुढे तोंड उघडलं नाही. कॉन्फरन्सनंतर निवडलेले चेस्ट नंबर वाचले गेले. त्यात माझा नव्हता. निकाल बरोबर होता. सोलापूरहून निघताना आणखी चार मुली सोबत असत्या, बोलायचा सराव असता, तर काय झालं असतं, हा विचार मात्र सुटत नाही.

मुलींसाठी राज्याने नाशिकला सेवापूर्व संस्था काढली ती 2023 मध्ये, मुलांच्या नंतर 46 वर्षांनी. पहिल्या तुकडीला जागा 30. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला! उरलेल्या मुली मग पाठांतर विकणाऱ्यांच्या दारात उभ्या राहतात, आणि पहाटे घड्याळ घेऊन उभा राहणारा माणूस आता मला दिसत नाही.

वही मी ठेवून घेतली. आता रोज सकाळी ती मुलगी गच्चीवर येते, घड्याळ माझ्या हातात असतं. काल मी ‘विहीर’ म्हणाले. तिने लिहिलं: गावाकडच्या विहिरीवरची मोटर मी दुरुस्त केली.

विचारलं, “खरंच?”

तिने बोटावरचा भाजल्याचा डाग दाखवला.