भाचीची सायकल

सायकलशी माझे नाते साताऱ्याच्या उतारांनी जोडले आणि चढांनी तोडले. राजवाड्याजवळ तासाच्या भाड्याने सायकल घ्यायची, नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायचे, उताराला वारा प्यायचा आणि परतीच्या चढाला तीच सायकल ढकलत आणायची. पुढे नोकरी लागली, स्कूटर आली आणि सायकल विस्मरणात गेली. ती एवढ्या वर्षांनी परत आली भाचीमुळे.

सांगलीहून तिचा फोन आला. "मामा, मला ट्रायथलॉन करायचीय. सायकल घ्यायचीय. तुम्ही याच."

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल आणि शेवटी धावणे, तिन्ही एका दमात. १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगोला हा खेळ सुरू झाला, २००० साली सिडनीत तो ऑलिंपिकमध्ये आला. २०१९ साली गोव्यात 'आयर्नमॅन ७०.३' झाली तेव्हापासून आपल्याकडची साधी नोकरदार माणसेही त्याची भाषा बोलू लागली. त्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. भाचीची उडी एवढी मोठी नव्हती. तिला छोटी, 'स्प्रिंट' प्रकारची करायची होती. ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे.

पोहणे तिला येत होतेच. सांगलीची मुलगी ती. कृष्णेत आता मगरींची धास्ती, म्हणून सराव तलावात. धावायला बूट होते. अडले होते ते सायकलीवर.

बहिणीचा मात्र साफ विरोध. २०१९ च्या पुरात गावभागातले त्यांचे घर आणि खालचे दुकान पाण्यात गेले. त्याचे कर्ज अजून फिटते आहे. "पोटाला चिमटा काढून हप्ते भरतोय, आणि हिला शर्यतीची सायकल!" ती म्हणाली. तिचे चुकत नव्हते. पण भाचीने शिकवण्या घेऊन वीस हजार साठवले होते. मी पंधरा घातले. मामाने काही तरी घ्यायचे, हे आपल्याकडे ठरलेलेच असते. पस्तीस हजारांत बसवायचे, असे ठरले.

आणि पहिली चूक मीच केली.

पुण्यात एक जुनी सायकल बावीस हजारांत मिळत होती. दोन बोटांनी उचलावी इतकी हलकी. हँडलवर पुढे कोपरे टेकवायचे दांडे. मला वाटले, घबाड मिळाले. मी ती उचलून पाहिली, चकाकी पाहिली, पैसे दिले. पाहिले नाही ते एवढेच, की ही चालवणार कोण? सांगाडा उंच माणसासाठी होता. भाची महिनाभर चालवत राहिली, मामाचे मन मोडू नये म्हणून बोलली नाही. मग मान धरली, हाताची बोटे बधिर होऊ लागली. शेवटी ती सायकल सोळा हजारांना विकली. सहा हजार बुडाले, म्हणजे तिच्या शिकवणीचे तीन महिने. बहीण एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागले.

उरलेले एकोणतीस हजार घेऊन आम्ही त्यांच्या गल्लीजवळच्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सायकल दाखवलीच नाही. भाचीला घरी जाऊन अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायला सांगितले. दोन पायांच्या मध्ये जाडसे पुस्तक वर दाबून धरायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीची खूण करायची. जमिनीपासून खूण भरली ७६ सेंटीमीटर. "याला ०.८८३ ने गुणा," काका म्हणाले. उत्तर आले ६७. पेडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढे अंतर हवे. ज्या सांगाड्यावर सीट इतक्यावर येते आणि हँडलही सहज हाताला लागते, तोच आपला. बाकीचे फुकट मिळाले तरी घेऊ नयेत.

दुसरा धडा हिशेबाचा. वीस किलोमीटर ताशी २५ च्या वेगाने गेले तर ४८ मिनिटे लागतात, २६ च्या वेगाने गेले तर ४६ मिनिटांच्या किंचित वर. म्हणजे महागड्या सायकलने वेग ताशी एक किलोमीटरने वाढला, तरी वाचणार दोन मिनिटांहून कमी. पाण्यातून बाहेर येऊन हेल्मेट चढवायचा आणि बूट घालायचा अंगणात सराव केला, तर त्यातली बरीचशी वेळ फुकटात वाचते.

मग ते कोपरे टेकवायचे दांडे? ते खोटे नव्हेत. सपाटीवर सायकलस्वाराला अडवणारा खरा शत्रू वारा, आणि वारा अडतो तो बहुतांशी माणसाच्या अंगाला, सायकलीला नव्हे. अंग लहान केले की वेग वाढतो. ट्रायथलॉनवाल्यांचे हे दांडे १९८९ साली ग्रेग लेमाँडने 'टूर द फ्रान्स'च्या शेवटच्या दिवशी लावले. पन्नास सेकंदांनी मागे असलेला हा गडी साडेचोवीस किलोमीटरच्या टप्प्यात पुढे गेला आणि अख्खी शर्यत आठ सेकंदांनी जिंकला. पण पॅरिसच्या त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या! दांड्यांवर हात असले की ब्रेक हाताशी नसतो. काका म्हणाले, "आधी सरळ चालवायला शिक. दांडे साध्या सायकलीलाही नंतर लावता येतात."

शेवटी कोल्हापुरात नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या एका मुलाची सायकल मिळाली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, मापाची, किंमत एकवीस हजार. या वेळी मी हात मागे बांधून उभा राहिलो. काकांनी सांगाड्याचे सांधे बोटाने चाचपले, रंगाखाली तडा नाही ना ते पाहिले. चाके फिरवून डगमग पाहिली. चेनवर पट्टी ठेवली. चोवीस कड्या बरोबर बारा इंच भराव्यात. सोळांश इंच वाढ असली तर चेन बदलायची, अष्टमांश असली तर मागची चक्रेही गेली समजायची. इथे फक्त चेन बदलावी लागली. गिअर पाहिले. पुढचे लहान चक्र ३४ दातांचे, मागचे सर्वांत मोठे ३२ चे. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा जेमतेम एक फेरा. सांगलीच्या सपाटीला हे लागत नाही, पण मामाकडे आल्यावर यवतेश्वरचा घाट चढायचा तर हेच तारून नेते.

चेन, केबल आणि ब्रेकच्या रबरांना दोन हजार, हेल्मेटला अठराशे, २८ मिलिमीटरच्या जाड टायरांना चोवीसशे, पंप आणि जादा ट्यूबला हजार. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात बारीक टायर म्हणजे रोजचे पंक्चर. हेल्मेटशिवाय तर स्पर्धेत सायकलला हातही लावू देत नाहीत. एकूण अठ्ठावीस हजार दोनशे. आठशे रुपये उरले.

सांगलीला जाता-येता कऱ्हाडजवळ गोळेश्वर लागते, खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली त्यांना हेलसिंकीला पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. त्यांनी ब्राँझपदक आणले. आमची भाची पदक आणणार नव्हती, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही कुणी तरी थोडी झळ सोसल्याशिवाय खेळ उभा राहत नाही, हे त्या रस्त्याने जाताना दर वेळी आठवते.

कोल्हापूरच्या स्पर्धेत भाचीला सायकलचे वीस किलोमीटर कापायला पन्नास मिनिटे लागली. नंबर सांगण्यासारखा नाही. शेवटच्या पाच किलोमीटरला पाय ओंडक्यासारखे झाले होते, तरी ती चालली नाही, धावली. बहीण आली नव्हती. दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणाली.

गेल्या महिन्यात सांगलीला गेलो. खोलीच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून आहे. रंग काढताना बहिणीने ती मुद्दाम ठेवली. त्या खुणेच्या वर हातभर उंचीवर लोखंडाचे दोन जाड हूक नवे ठोकलेले दिसले. त्यावर सायकल.

"कुणी ठोकले?" मी विचारले.

"मीच सुताराला बोलावले," बहीण चहा ओतत म्हणाली. "पाणी काय, सांगून येते होय?"