कोमेजणें, ओसरणें, झुरणें : कांहीं इंग्रजी शब्दांची कुळकथा

संस्कृतांत म्लै, ग्लै, क्षि, जॄ असे कितीतरी धातु शक्ति ओसरण्याचा अर्थ सांगतात. परंतु ते एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. पुष्प म्लान होतें, गात्रें ग्लान होतात, चंद्र क्षीण होतो, वस्त्र जीर्ण होतें. चंद्र जीर्ण झाला असें कोणी लिहिलें तर तें कानास तत्काळ खटकतें. इंग्रजीचीही गोष्ट तशीच आहे. पण आपल्या घरोघरचीं मुलें इंग्रजी शाळांत शिकत असूनही या सर्व अवस्थांस ‘वीक’ हा एकच शब्द लावतात. आजी वीक, कुंडींतलें रोप वीक आणि फोनवरचा आवाजही वीक!

जन्मभर मुलांना शब्द शिकविल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, अशा शब्दांचे अर्थ घोकण्यापेक्षां प्रत्येकास एक प्रश्न विचारावा : ‘जें गेलें तें परत येणार आहे काय?’ उत्तर बहुधा शब्दाच्या पोटांतच सांपडतें.

झाडापासून आरंभ करूं. ‘ड्रूप’ हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेंतून इंग्रजींत आला. थेंब या अर्थाचा ‘ड्रॉप’ हा त्याचा नातलग. मान खालीं लवली एवढेंच तो सांगतो. कां लवली हें सांगत नाहीं. ‘विल्ट’ मात्र कारण सांगतो, आणि तें कारण म्हणजे पाणी. वनस्पतीच्या पेशींत पाणी भरलेलें असतें तोंवर त्याच्या दाबानें पान ताठ राहतें. मुळें जेवढें पाणी ओढतात त्याहून अधिक पानांतून उडून गेलें कीं दाब उतरतो आणि पान मान टाकतें. वैशाखांतील दुपारीं अंगणांतली तुळस अशीच मलूल होते, आणि सायंकाळीं तांब्याभर पाणी मिळालें कीं सावरते. यासही मर्यादा आहे. जमिनींतील ओल किती कमी झाली म्हणजे रोप रात्रीच्या गारव्यांतही सावरत नाहीं, याचें मोजमाप ब्रिग्ज व शँट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९१२ सालीं प्रसिद्ध केलें. त्या सीमेपलीकडे ‘विदर’चें राज्य. हा शब्द हवामानवाचक ‘वेदर’चाच रूपभेद असावा असें कोशकार मानतात; ऊनवारा खाऊन जें वाळलें तें ‘विदर’ झालें. आपल्या भाषेंत कोमेजणें आणि वाळणें यांत जो भेद, तोच येथें.

तूर व हरभरा यांवरील ज्या रोगास आपले शेतकरी ‘मर’ म्हणतात, त्याचेंही इंग्रजी नांव ‘विल्ट’च आहे. तेथें जमिनींत ओल असते. पण बुरशीनें झाडांतील पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाच निकामी केलेल्या असतात. झाड दिसतें तहानलेलें, आणि घागरी ओतूनही उपयोग होत नाहीं. वरून सारखें दिसणारें मलूलपण आंतून किती निराळें असतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

‘फेड’ हा शब्द फिका, बेचव अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला. रंग, सूर आणि आठवण हीं त्याचीं क्षेत्रें. विटलेल्या लुगड्याचा रंग कांहीं परतत नाहीं.

याच्या उलट ‘वेन’ आणि ‘एब’. वद्य पक्षांतील चंद्र ‘वेन’ होतो, ओहोटीचें पाणी ‘एब’ होतें. दोन्ही ठिकाणीं परत येणें ठरलेलें. ‘वेन’चें कूळ पाहून तर संस्कृतज्ञास आनंदच व्हावा. कमी या अर्थाचा आपला ‘ऊन’ शब्द आणि हा ‘वेन’ एकाच मूळ वंशांतले. एकानें ऊन अशी विंशति ती एकोनविंशति, म्हणजे आपलें एकोणीस. ‘उणें’ व ‘उणीव’ हींही त्याच घरचीं.

आतां माणसाकडे वळूं. चालतां चालतां उमेद ढळते तो ‘फ्लॅग’. घटकाभर विसांव्यानें ती भरून येते. तुरुंगांत किंवा न संपणाऱ्या दाव्यांत माणूस खितपत पडतो तो ‘लँग्विश’. बाहेरून कोणी हात दिल्याविना त्याची सुटका नाहीं. ‘पाइन’ म्हणजे झुरणें. त्या नांवाच्या वृक्षाशीं याचा संबंध नाहीं. शिक्षा या अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे. त्यापासूनच वेदनावाचक ‘पेन’ निघाला आणि त्यापासूनच हा. परदेशीं गेलेल्या मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मातेस ही व्युत्पत्ति समजावून सांगावी लागणार नाहीं.

‘डिक्लाइन’चा मूळ अर्थ कलणें. त्याचा धातु आणि आपला ‘श्रि’ धातु हे सगोत्र होत. म्हणजे उतरणीस लागण्याचा इंग्रजी शब्द आणि आपला ‘आश्रय’ हे एकाच कुळांतले; जो कलतो त्यास टेकावयास कांहीं लागतेंच. तसेंच क्षयरोगास जुने इंग्रज वैद्य ‘थायसिस’ म्हणत. तो शब्द ग्रीक आहे, आणि त्याचा धातु आपल्या ‘क्षि’चा सख्खा भाऊ.

येथवर ही शब्दांची करमणूक झाली असें कोणी म्हणेल. पण घरांतल्या वडील माणसाविषयीं ‘वीक वाटतंय’ एवढेंच बोलून आपण थांबतों तेव्हां मर रोगाच्या झाडास पाणी घालण्यासारखें होतें. थकवा विश्रांतीनें जातो. वार्धक्याची क्षीणता हळूहळू येते, तिला आहार आणि आधार हवा. पण तोंडाची एक बाजू एकाएकीं ओघळली, उचललेला एक हात आपोआप खालीं येऊं लागला किंवा बोलणें अडखळलें, तर तो अशक्तपणा नव्हे. तीं अर्धांगवायूचीं लक्षणें होत. इंग्रजींत येथें ‘ड्रूप’ हाच शब्द योजतात. मेंदूंतील रक्तवाहिनींत गुठळी अडकली असेल तर ती विरघळविण्याचें औषध लक्षणें दिसूं लागल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें; आणि गुठळी आहे कीं रक्तस्राव, हें आधीं रुग्णालयांत तपासावें लागतें. अशा वेळीं साखरपाणी देऊन ‘सकाळपर्यंत पडूं द्या’ म्हणण्यांत तो मोलाचा काळ निघून जातो. लक्षणें थोड्या वेळानें आपोआप गेलीं तरीही त्याच दिवशीं वैद्यांस दाखविलेंच पाहिजे.

म्हणून यापुढें घरांत कोणी ‘वीक’ म्हणालें कीं लगेच विचारावें : काय उणें झालें, केव्हांपासून, हळूहळू कीं एकाएकीं? मुलांचें इंग्रजी यानें सुधारेल, आणि वडील माणसांकडे घरचें लक्षही नीट राहील.