विश्लेषण : कानात नाडीच्या तालावर आवाज येतो? दुखणे कानाचे नव्हे, रक्तवाहिनीचे असू शकते!

रात्री घर शांत झाले, की एका कानात ‘सूं... सूं...’ असा आवाज सुरू होतो. मनगटाची नाडी धरून पाहिली, तर आवाज आणि ठोके एकाच तालात! या त्रासाला ‘पल्सेटाइल टिनिटस’ म्हणतात. अनेकदा कानाच्या तपासणीत काहीच सापडत नाही. मग दुर्लक्ष करायचे का?

हा आवाज वेगळा कसा?
नेहमीच्या टिनिटसमध्ये शिटी किंवा गुणगुण जाणवते. प्रत्यक्षात तसा आवाज कुठेच नसतो. इथे मात्र बहुतेकदा कानाजवळून खळाळत वाहणारे रक्तच ऐकू येते. काही रुग्णांमध्ये कानामागे स्टेथोस्कोप ठेवल्यास डॉक्टरांनाही तो ऐकू येतो.

कारण काय?
रक्तक्षय, थायरॉईडचा विकार, कवटीतील वाढलेला दाब किंवा अरुंद झालेली शीर, अशी अनेक कारणे आहेत. त्यातले गंभीर कारण म्हणजे ‘ड्युरल फिस्टुला’. यात मेंदूच्या आवरणातील धमनी थेट शिरेला जोडली जाते. मधले केशवाहिन्यांचे जाळे नसल्याने धमनीचा दाब सरळ शिरेवर येतो.

धोका कधी?
आवाज किती मोठा आहे, यावर धोका ठरत नाही. रक्त कुठे जाते, यावर ठरतो. ते नेहमीच्या मार्गाने हृदयाकडे परतत असेल, तर धोका कमी. मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरांमध्ये उलटे शिरत असेल, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

निदान कसे होते?
एमआरआय आणि सीटी अँजिओग्राफीने सुरुवात होते. मात्र साध्या एमआरआयमध्ये लहान फिस्टुला निसटू शकतो. खात्रीची तपासणी म्हणजे ‘डीएसए’. यात कॅथेटरमधून रंगद्रव्य सोडून रक्ताचा मार्ग पाहिला जातो.

उपचार काय?
जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी फिस्टुलापर्यंत नेतात आणि ‘ओनिक्स’सारखे घट्ट होणारे द्रव्य किंवा धातूची कॉइल वापरून तो बंद करतात. कवटी उघडावी लागत नाही. काहींना शस्त्रक्रिया किंवा गॅमा नाइफ लागते. गॅमा नाइफचा परिणाम दिसायला एक ते तीन वर्षे लागू शकतात. शीर अरुंद असल्यास निवडक रुग्णांमध्ये स्टेंट बसवतात. सौम्य फिस्टुलावर नुसती देखरेखही पुरते.

आवाज अचानक थांबला तर?
फिस्टुला असलेल्यांनी लगेच निर्धास्त होऊ नये. नेहमीची वाट बंद होऊन रक्त मेंदूच्या शिरांकडे वळले असण्याचीही शक्यता असते. अशा वेळी पुन्हा तपासणी हवीच. अचानक असह्य डोकेदुखी, नजर जाणे किंवा बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.